तांड्याची विहीर आणि माझी बावीस पानं

हसायचं तर हसा, पण त्या वर्षी माझ्याइतका शहाणा माणूस साऱ्या मंगरूळपीर तालुक्यात शोधून सापडला नसता!

तेव्हा मी मानोऱ्याला मास्तर होतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली, आणि मला कथा लिहायचा किडा चावलेला. एक दिवस जवळच्या बंजारा तांड्याचा प्रमुख, थावरू नायक, शाळेत आला.

"मास्तर, तुमी लय चांगलं लिवता म्हने. आमचे पान्याचे हाल एकदा पाहून जा ना."

मला वाटलं, वा! आपली कीर्ती तांड्यापर्यंत पोचली!

मग काय, दर रविवारी मी तांड्यावर. मी बाजेवर, ते खाली. प्रश्न तरी किती! झऱ्यात पाणी किती साचतं? वाटीनं भरता की ओंजळीनं? गावच्या विहिरीवर तुमचा नंबर कधी?

"साऱ्या गावाचं भरून झाल्यावर," नायकाची बायको जेमली म्हणाली. "तवा गाळच राह्यते."

"आणि स्वराज्य?"

"इंग्रज गेला म्हनतेत," नायक म्हणाला. "पन तांड्यावर सांगाले कोनी आलं नाई अजून."

काय वाक्य! मी दोनदा अधोरेखित केलं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा कथा पुरी झाली. बावीस पानं! सगळा तांडा जमवून वाचली. शेवटी तांड्यातला तरणाबांड पोरगा पाण्यावाचून तडफडून मरतो, तिथं मीच डोळे टिपले. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मनात म्हटलं, जिंकलास गड्या!

नायकानं अंगठा पुढं केला. "शाई कुटं हाय?"

"शाई कशाला?"

"अर्जाले आंगठा नाई लागत?"

"अहो, ही कथा आहे!"

"म्हंजे तहसिलीत नाई जात?"

"नाही. पुण्याला जाते, मासिकात."

"पुन्यावाले इहीर खंदून देतेत काय?"

जेमलीनं तर कहर केला. "मास्तर, धडधाकट पोरगा मारला तुमी, अन् इहीर मांगितलीच नाई? काहून?"

गुपचूप बाजेवरून उतरलो. खरंच लाज वाटली हो. दोन महिने ती माणसं अर्जाची वाट बघत होती आणि मी वाक्यं वेचत होतो.

नायकानं चार ओळी सांगितल्या, मी उतरवल्या. मध्येच 'तृषार्त' असा एक शब्द घुसवून पाहिला.

"हे काय व्हय? सायबाले समजलं पायजे!" नायक म्हणाला. खोडला.

विहीर मंजूर झाली, पाणीही लागलं. कथा मात्र मासिकानं साभार परत केली, आणि त्यानंतरच्या चौदाही. उभ्या आयुष्यात माझ्या हातच्या चारच ओळी कुणीतरी मंजूर केल्या, आणि त्यासुद्धा थावरू नायकाच्या!