कौसाबाईच्या बांधावरच्या बाया

आजवर हे माझ्या तोंडून कुणीही ऐकलेलं नाही. बायकोनंही नाही. आमच्या जैनांत वर्षातून एकदा ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायची असते. मी गेल्या तीन वर्षांत सगळ्या गावाची मागितली. आणि जिची मागायला हवी होती — तिच्या ओसरीवर बसून चहा प्यालो, ठिबकच्या नळ्यांवर बोललो आणि परत आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. बरं, सांगायला बसलो तरी आधी आठ पायांच्या त्या कोळ्यांचंच वर्णन करावंसं वाटतं. इतका मी अजून त्यांच्या नादात आहे. लाज वाटते, पण तसंच आहे.

वडीगोद्रीला हायवेवर आमचं दुकान. पाइप, मोटारी, ठिबकचं सामान. शेतीची औषधं मात्र नाहीत, कारण जीव मारायची वस्तू या गल्ल्यावरून विकायची नाही, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. घरात गोम निघाली तरी पेला उपडा घालून, खाली कागद सरकवून तिला शेतात सोडून येणारी माणसं आम्ही. बटाटा खात नाही, कारण तो उपटताना जमिनीतले जीव मरतात. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं लागणार आहे म्हणून सांगतोय.

कौसाबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. शहागडच्या बाजूला ओढ्याकाठी तिची मोसंबीची बाग. सात वर्षांपूर्वी तिथं फुटलेली पाइप बघायला गेलो होतो, तर बांधाच्या अंगाला एक भोक दिसलं. अंगठा जाईल एवढं, आणि तोंडाशी पांढरी तलम जाळी. साप असेल म्हणून मोबाइलचा उजेड आत टाकला — अहो, आत आठ पाय! केसाळ, तपकिरी, माझ्या तळव्याएवढी! मी ओरडलोच, आनंदानं बरं का. टॅरँट्युला! टीव्हीवर लांबच्या जंगलात बघितलेला तो मोठा कोळी, आणि इथं, आपल्या अंबड तालुक्यात, मोसंबीच्या बांधावर! त्या दिवशी पाइप तशीच फुटकी ठेवून मी बांधभर रांगलो. सतरा भोकं. सतरा!

मग वाचायचा सपाटा लावला. मादी एकदा बीळ करते आणि त्याच बिळात पंधरा-वीस वर्षं काढते. नर तेवढे भटकतात आणि लवकर मरतात. पिल्लं आईपासून हाकेच्या अंतरावरच घर करतात. म्हणजे एका बांधावर वस्ती असते, आणि पलीकडे कोसभर शोधलं तरी एक सापडत नाही. तो बांध गेला की सगळं गेलं. कौसाबाईला हे सांगितलं तर ती हसत सुटली. "मंग ह्या समद्या बायाच की ओ, शेठ!" तेव्हापासून त्या बाया. एकीचा पुढचा पाय आखूड होता, ती लंगडी. कौसाबाईच्या पोराला, दत्ताला, जेसीबी लावून बांध सपाट करायचा होता. मोसंबीची एक ओळ जास्त बसली असती. ती म्हणाली, "शेठनं सांगितलंय, बांधाला हात लावायचा न्हाई." माझ्या एका शब्दावर तिनं पोराला अडवलं होतं. हेही लक्षात असू द्या.

आता — आता यायलाच हवं मुद्द्यावर.

तीन वर्षांपूर्वी मी फोटो इंटरनेटवर टाकले. खाली गावाचं नावही टाकलं, कारण त्याशिवाय शोध माझा कसा ठरणार? एका बाहेरगावच्या माणसाचा निरोप आला. ही जात कदाचित नवीन असेल, तसं ठरलं तर तिला तुमचं नाव देता येईल. झालं! जैनाच्या अंगावर मूठभर मांस चढतं का? चढलं. मी त्याला बोलावलं. दिवसही मीच ठरवला — कौसाबाई घरच्यांना घेऊन दर्शनाला जांब समर्थला जाणार होती, तो. का तोच दिवस? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही.

तो आला. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, पाठीवर पिशवी, पिशवीत झाकणाला भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे. मी एकच विचारलं, मारणार नाही ना? "छे! काचेच्या घरात ठेवणार. तुमच्या बांधावर नाही जगणार एवढ्या जगतील." माझं समाधान झालं. जीव मरत नाही म्हणजे पाप लागत नाही. आमच्यासारख्या माणसालाच अशी पळवाट सुचते. मारणं म्हणजे काय ते आम्हाला लहानपणापासून पाठ. उपटून नेणं म्हणजे काय, तेही पाठच होतं की — बटाट्याच्या बाबतीत.

आणि ऐका. त्याला त्या बाहेर काढता येत नव्हत्या. मला येत होत्या. गवताची काडी जाळीवर हळूच थरथरवायची, तिला वाटतं नाकतोडा आलाय, ती झेप घेते, आणि त्याच क्षणी मागं खुरपं घालून बीळ बंद करायचं. मी शिकवलं नाही, मीच काढल्या. एकेक बाहेर यायची, लख्ख उजेडात, पूर्ण अंगानं — पायांवरची ती लव, तो रुबाब! आयुष्यात इतका खूश मी क्वचितच झालो असेन. सतरावी येईना. तिच्यापाशी अंड्यांची पांढरी पोटळी होती, ती सोडून ती हलेना. त्यानं कुदळ घेतली. मी उजेड धरला.

जाताना खणलेली माती आम्ही परत लोटून सारखी केली. नंतर त्याचा फोन लागेनासा झाला. काही महिन्यांनी परदेशातल्या विक्रीच्या जाहिरातीत एका डब्यात लंगडी दिसली. मी ती पुन्हा पुन्हा मोठी करून बघितली. तीच होती.

पण खरा गुन्हा त्याच्याही आधी झाला होता. जांबहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कौसाबाई दुकानात आली. "शेठ, बाया दिसंनात. जाळ्या बी फाटल्यात." मी काय बोललो? आयुष्यभर ज्या दुकानात औषध विकलं नाही, त्या दुकानात बसून म्हणालो, "मावशी, दत्तानं तणनाशक मारलं होतं का?" मारलं होतं. चार ओळी पलीकडे, आठवड्यापूर्वी. तिचा चेहरा उतरला. मी थांबायला हवं होतं. मी वर म्हणालो, "मग त्यानंच गेल्या." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या या. ती एवढंच बोलली, "तुमी मुंगी मारीत न्हाईत. तुमी कशाला खोटं बोलताल?"

तिच्या घरात भांडण पेटलं. दत्ता बायकोला घेऊन जालन्याला राहायला गेला. मायलेकांत आधीही कुरबुर होती, असं मी स्वतःला सांगत आलो. ती सबब आज परत घेतो. तेव्हापासून पासष्टीची बाई गुडघ्यावर बसून खुरप्यानं सगळा बांध निंदते, औषधाचा थेंब पडू देत नाही. बाया परत येतील म्हणून.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "शेठ, जल्दी या!" मी दुकान उघडं टाकून गाडी पळवली. बांधाच्या टोकाला, दगडाआड, करंगळीएवढं भोक. तोंडाशी जाळी! उजेड टाकला — आत इवलीशी, केसाळ, पाय आखडून बसलेली. कुठलंसं पिल्लू त्या दिवशी सुटलं होतं. मी उभ्या उभ्या नाचलो. कौसाबाई डोळे पुसत हसत होती. तिनं तिथूनच दत्ताला फोन लावला, तीन वर्षांत पहिल्यांदा. "आली रे, एक आली. औषध बंद केलं म्हणून आली. बिलकुल खरं होतं शेठचं. तुला पटत न्हाई ना? घे, इचार त्यांनाच." आणि फोन माझ्या हातात दिला.

तिकडून दत्ता म्हणाला, "शेठ, खरंच माझ्या औषधानं मेल्या होत्या का?"

मी बिळाकडे बघत होतो. अजून आनंदातच होतो.

मी हो म्हणालो.