मैनेचं पथ्य

आमच्या घरात सगळ्यात कमी जेवणारं माणूस मी आहे, आणि सगळ्यात जाडही मीच आहे.

यात खोटं काही नाही. ताटात दीड भाकरी, वाटीभर कालवण, भात तर नावाला. आलेले पाहुणे म्हणायचे, "काकू, चिमणीएवढं जेवता की हो!" मी पदर सावरून म्हणायची, "जातच न्हाय बाई मला." (पदर सावरायलाही दोन हात लागायचे. एका हातात मावेल एवढा पुढचा भाग राहिलाच नव्हता!)

मग हे अंग आलं कुठून? कारणं माझ्याकडं भरपूर. "आमच्या माहेरचं हाडपेरच मोठं." "वात हाय, वातानं अंग फुगतं." "बाळंतपणात डिंक लई खाल्ला." (त्या बाळंतपणातल्या लेकाला आता टक्कल पडायला लागलंय, पण माझा डिंक काही उतरेना!)

मी अणदूरची, म्हणजे खंडोबाच्या गावची. आमचा देवसुद्धा वर्षभर एका जागी बसून राहत नाही. हिवाळ्यात पालखीतून नळदुर्गाला जातो, तिथं मुक्काम करतो आणि परत येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पालखीमागं पायी गेले. पोटात लेकरू असताना गेले, अंगात ताप असताना गेले. गेल्या साली मात्र वेशीपाशीच गुडघ्यांनी बैठक मारली. शेवटी लेकानं मला टमटममध्ये घातलं. घातलं म्हणजे दोघांनी ढकललं आणि एकानं आतून ओढलं! आणि मी देवाच्या आधी नळदुर्गात! देव अजून वाटेवर आहे आणि भक्तीण पुढं जाऊन पाय पसरून बसलीय, हे बरं दिसतं का? लई लाज वाटली. तिथंच देवाला म्हटलं, "पुढल्या साली पायी येईन. न्हाय तर तोंड दाखवणार न्हाय."

म्हणायला काय जातं!

आमची सून ज्योती अंगणवाडीत आहे. दिवसभर गावातल्या लेकरांची वजनं वाढत नाहीत म्हणून काळजी करायची, आणि संध्याकाळी घरी येऊन सासूचं थांबत नाही म्हणून. एकदा तिनं मला अंगणवाडीतल्या काट्यावर उभं केलं. काटा असा गरकन फिरला की पार एक फेरी मारून पुन्हा पहिल्या जागी!

"बघ," मी म्हटलं, "कायबी वजन न्हाय!"

ती हसली नाही. मला तुळजापूरला डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी गुडघ्यांचा फोटो काढला आणि म्हणाले, "वजन उतरवा, गुडघे आपोआप गप्प बसतील." परतीच्या एसटीत मी माहेरचं हाडपेर काढलं. ज्योतीनं तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला, नीट बघितला आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, हाडं तर माझ्याएवढीच दिसायलीत की."

त्यानंतर ती घरात माझ्याकडं नुसती बघत राहिली.

काय दिसलं तिला? सगळ्यांची जेवणं झाली, मीही उठले, की माझं खरं जेवण सुरू व्हायचं! नातीच्या ताटातली अर्धी चपाती. मालकांनी सोडलेला भात. कढईला चिकटलेला शिरा. दुधाच्या पातेल्याची साय, कारण एवढ्याशासाठी वाटी कुठं खराब करायची? दारात येईल त्याला चहा, आणि पाहुण्याला एकट्याला प्यायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून मलाही. अन्न टाकायचं नाही, ही आईची शिकवण. मी खात नव्हते हो, मी स्वयंपाकघर आवरत होते!

आता सुनेनं सासूला "खाऊ नका" म्हणायचं कसं? सांज व्हायच्या आत गावभर झालं असतं की सून सासूला उपाशी मारायलीय. म्हणून ज्योतीनं दुसरी वाट धरली. "आत्याबाई, सकाळी थोडं चालून येत जावा."

गेले. पायात लेकाचे बूट, हात मोकळे. कोपऱ्यावर शहनाजभाभीचं घर. ती दारात झाडत होती.

"काकू, सुबे सुबे किधर?"

"कुठं न्हाय. चालायला."

"चालायला? पण कुठं चालायला?"

"कुठंच न्हाय गं. नुस्तं."

तिच्या हातातला झाडू खाली पडला. "या अल्ला! घरात भांडण झालं का?"

मी नाही म्हणत होते, पण रिकाम्या हातानं, नवऱ्याला न सांगता, लेकाचे बूट घालून निघालेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? तिनं मला हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं आणि राग उतरावा म्हणून दुप्पट साखरेचा चहा आणि खारी समोर ठेवली. (अन्न टाकायचं नाही!) चालणं झालं कोपऱ्यापर्यंत, आणि खारी संपली बशीभर.

संध्याकाळी शहनाजभाभी गल्लीतल्या बायका घेऊन आमच्या ओसरीवर हजर. "बेटा ज्योती, बुढ्ढं माणूस हाय, सांभाळून घे." दुसरी म्हणाली, "एका घरात भांड्याला भांडं लागतंच." माझी सून एक शब्द उलटा बोलली नाही. सगळ्यांना चहा केला. आणि पाहुण्यांना एकट्यांना कसं प्यायला लावायचं म्हणून मीही...

पुढच्या आठवड्यात ज्योती माहेरी लोहाऱ्याला गेली, आणि येताना जीपमधून बकरीचं एक पिल्लू घेऊन आली. आपल्याकडची काळीभोर जात, लोंबते कान. दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्याबाई, ही तुमची. घरातलं उरलंसुरलं हिला. अन्न वायाबी जायचं न्हाय."

काय डोकं पोरीचं! मला खाऊ नका म्हणाली नाही, आईची शिकवण मोडायला लावली नाही, आणि माझ्या हातातला घास मात्र बरोब्बर काढून घेतला.

पण घास काढून घेतला, माया कशी काढणार? पिल्लाचं नाव मैना ठेवलं. ती वाढली, माझीही तिच्यावर माया वाढली. उरलेलं तिला देता देता, काहीतरी उरावं म्हणून मी दोन चपात्या जास्तीच्या करायला लागले! शिरा कढईला जरा जास्तच चिकटायला लागला. मालक म्हणायचे, "अगं, ही बकरी हाय का ढोल?" मी म्हणायची, "मुक्या जिवाला नजर लावू नका."

आणि एका सकाळी मैना उठेना. पोट डाव्या अंगाला हलगीसारखं ताणलेलं, डोळे पांढरे. मी रडायलाच लागले. लेकानं गुरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. घरचे सगळे गोठ्यापाशी उभे.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय हो डॉक्टर," मी डोळे पुसत म्हटलं. "हिला जातच न्हाय."

"जात न्हाय, मग पोट कशानं फुगलं?"

"वात असंल. आन् हिचं हाडपेरच मोठं हाय. आईवर गेलीय."

मागं मालक खोकले.

"दिवसभर काय काय देता?"

"सकाळी चपातीचं तुकडं. शिरा, पण चमचाभर, कढईला चिकटलेला. दुपारचा भात. मधी कुणी आलं तर बिस्किट. आता पाहुण्यांनी खायचं आन् हिनं नुस्तं तोंडाकडं बघायचं, बरं दिसतं का?"

"आणि जेवण?"

"जेवणात काय न्हाय हो! मूठभर पाला. तोबी निम्मा टाकती."

"चालती का?"

"कुठं चालती बिचारी! बसूनच असती. गुडघं दुखत असतील."

एवढं बोलले आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. वळून बघितलं तर ज्योतीनं तोंडात पदर कोंबलेला, लेक भिंतीकडं तोंड करून हलतोय, आणि मालक हात जोडून म्हणतायत, "डॉक्टर, औषध दोघींना द्या!"

डॉक्टरांनी मैनेला तेल पाजलं, पोट चोळलं, अंगणात फिरवलं. थोड्या वेळानं तिनं असा ढेकर दिला की शहनाजभाभी दारात आली. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "काकू, चपात्या, भात, शिरा सगळं बंद. हिरवा पाला द्या. सकाळ-संध्याकाळ लांबवर फिरवा. आणि हिला लाडानं खाऊ घालणारं कुणी घरात असंल, तर त्याला आधी लांब बांधा."

बांधायचं राहिलं, पण दोरी माझ्याच हातात आली. सकाळी निघाले. कोपऱ्यावर शहनाजभाभी.

"किधर काकू?"

"बकरी चारायला."

"अच्छा," म्हणाली आणि झाडू मारायला लागली. बस्स! रिकामे हात म्हणजे भांडण, हातात दोरी म्हणजे काम. एवढ्या एका दोरीनं मला गाव मोकळं झालं!

पहिल्यांदा ओढ्यापर्यंत. मग शेताच्या बांधापर्यंत. मैना पुढं ओढायची, मी मागं धापा टाकायची. घरात ज्योतीनं स्वयंपाक मोजून करायला घेतला, लेकरांना लहान ताटल्या आणल्या, "लागलं तर परत घ्या" म्हणाली. कढईत मी उलथनं फिरवायची तर नुसता आवाज यायचा. चहा अर्धा कप, बिनसाखरेचा. पहिले काही दिवस मी असं तोंड करून प्यायची की पाहुणे चहाला नकोच म्हणायला लागले.

पण पोलक्याची शिवण सैल झाली. एक दिवस ओसरीवरून उठले, आणि उठल्यावर लक्षात आलं की खांब धरलाच नाही!

एकदा ज्योतीला विचारलं, "खरं सांग, बकरी माझ्यासाठीच आणली होतीस ना?"

ती लाजली. "व्हय, आत्याबाई. वाटलं, हिच्या मागं तरी चालाल. तुम्ही हिलाच फुगवाल असं वाटलं नव्हतं."

एवढ्या दिवसांत त्या पोरीनं मला एकदाही जाड म्हटलं नाही. सासू चार दिशांनी वाढत असताना जिभेवर एवढा ताबा ठेवायचा, मला तरी जमलं नसतं. (मी तर त्या ढेकरानंतर मैनेला रोज म्हणायची!)

हिवाळा आला. देव निघाला. मी पालखीमागं निघाले, आणि मैना माझ्यामागं, कारण माझ्याशिवाय ती ओरडून गाव डोक्यावर घेते. भंडारा उधळला, काळी मैना पिवळीधमक झाली. जो तो विचारायचा, "काकू, नवसाचं का?"

"नवसाचं न्हाय, पथ्याचं हाय!" मी सांगायची आणि दोरी घट्ट धरायची.

टमटमवाला शेजारनं हळूहळू चालला होता. गेल्या सालचं गिऱ्हाईक ध्यानात होतं त्याच्या. "बसता का, काकू?" मी मान वळवली नाही. गुडघे कुरकुरले, पण बसले नाहीत. आणि मी नळदुर्गात पोचले, देवाच्या मागून, माझ्या पायांनी! ज्योती पुढं येऊन थांबली होती. तिनं मला बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मीही डोळे पुसले. देवाला तोंड दाखवलं, अगदी समोर उभं राहून.

मग झाडाखाली जेवायला बसलो. नातीनं अर्धी पुरणपोळी पानात टाकली आणि खेळायला पळाली. माझा हात आपोआप गेला. ज्योतीनं नुसतं बघितलं.

"मैनेला देते गं," मी म्हटलं आणि पोळी मैनेच्या तोंडापुढं धरली.

मैनेनं वास घेतला. माझ्याकडं एकदा बघितलं. तोंड फिरवलं आणि शांतपणे झाडाचा पाला खायला लागली.

आता अन्न टाकायचं तर नाही! खाल्ली मी.

आमच्या घरात पथ्य पाळणारं एकच जण आहे, आणि तिला शिंगं आहेत.