आठ जणांची रांग

सैन्यातली माझी निम्मी नोकरी बर्फात गेली. म्हसवडकडचा माणूस मी, पाऊससुद्धा बेताचाच पाहिलेला. बर्फ तिकडंच शिकलो, आणि शिकता शिकता दोन सोबती गमावले. म्हणून मुलीनं साताऱ्याच्या एका ट्रेकवाल्याकडं हिमाचलातल्या हिवाळी ट्रेकसाठी नाव दिलं, तेव्हा मीही माझं दिलं.

तिसरा दिवस तंबूतच गेला. बाहेर सतत बर्फ आणि वारा. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तिथला वाटाड्या म्हणाला, आज थांबू. ट्रेकवाल्यानं त्याला गप्प केलं. परतीची तिकिटं काढलेली होती.

अकराच्या सुमाराला एक उभा उतार आडवा पार करायचा होता. मी कडेला पाय टाकला, तर खालून धप्प असा पोकळ आवाज आला आणि बुटापासून एक चीर सरसर पळत गेली. खाली जुना कडक थर, वर वाऱ्यानं लोटलेला ताजा बर्फ. दोघांनी एकमेकांना धरलेलंच नव्हतं.

"आज इथनं जायचं न्हाई," मी ट्रेकवाल्याला चीर दाखवत म्हणालो. "बर्फ बसू द्या. मग पहाटे, एकेक करून."

"काका, तुमची लढाई संपली आता," तो हसला. "लोकांना घाबरवू नका."

लोकही हसले. आणि त्यानं आठ जणांना एकामागं एक, अगदी जवळजवळ पाठवलं. का? तर व्हिडिओत रांग छान दिसते!

मुलगी निघाली होती. मी तिचा दंड धरला.

"आबा, लोक बघतायत."

"बघू देत."

ती रागानं सॅकवर बसली. रांग मध्यावर गेली आणि वरचा अख्खा पापुद्रा सुटला. सात जण कडेला फेकले गेले. तासगावची एक शिक्षिका मात्र दिसेनाशी झाली. ती शेवटची दिसली ती जागा मी नजरेनं धरून ठेवली. गाडलेला माणूस शोधायचं यंत्र एकाकडंही नव्हतं. फावडं एकच, तेही तंबूत! वाटाड्या, मुलगी आणि मी काठ्या खुपसत राहिलो. काठीला काहीतरी मऊ लागलं तशी मुलगी ओरडली. सॅकमधल्या जेवणाच्या ताटांनी आम्ही बर्फ उपसला. बाईंचा चेहरा निळा पडला होता. तोंडातला बर्फ काढला तेव्हा कुठं त्यांनी श्वास ओढला. पाय दोन ठिकाणी मोडला होता. ट्रेकवाला तेवढा वेळ डोक्याला हात लावून उभा होता.

आणि महिन्याभरानं साताऱ्यात सत्कार कुणाचा? त्याचा! "निसर्गाच्या कोपातून आम्ही एक जीव वाचवला," तो माइकवर म्हणाला. मला बसवेना.

"कोप कसला रं?" मी उभा राहून ओरडलो. "चीर पडलेली तुला दाखवली होती! वाटाड्यानं सांगितलं होतं!"

दोघांनी मला खाली बसवायला धरलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्या शिक्षिका कुबड्यांवर उठल्या. "त्यांना बोलू द्या," एवढंच म्हणाल्या. शाल देणारे पाहुणे शाल हातात धरून तसेच उभे.

यंदा त्यानं पुन्हा नावं घ्यायला सुरुवात केली आहे. त्याच्या प्रत्येक माहिती-बैठकीला मी जातो, पुढच्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, फावडी किती नेणार? अजून उत्तर दिलेलं नाही. पण गेल्या खेपेला उंब्रजचं एक जोडपं माझा प्रश्न ऐकून उठून गेलं.