मास्तरांनी न हरवलेली चावी

माझ्या सासऱ्यांच्या लेथची चावी शेजारच्या मास्तरांनी हरवली, असं आमच्या दोन्ही घरांत गेली पंचेचाळीस वर्षं मानलं जातं. ती मी हरवली. हरवली हा शब्दही सौम्य झाला. मी ती कालव्यात फेकली.

सासरे खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बिबवेवाडीत तेव्हा घरांपेक्षा शेतं जास्त होती. तिथल्या बंगलीमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी लिलावात घेतलेला जुना विलायती लेथ बसवला होता. त्यावर ते लाटणी, खुर्च्यांचे पाय, पाटाचे खूर असं काहीबाही कातत. लेथच्या तोंडाशी लाकूड पकडणारा लोखंडी जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो आवळायला आणि सोडायला चौकोनी टोकाची एक चावी लागते. काम झालं की चावी चकातून काढून खुंटीवर टांगायची, हा सासऱ्यांचा एकमेव धर्म. देवळात ते कधी गेले नाहीत. खुंटीच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘चावी चकात विसरणाऱ्याने पुन्हा आत येण्याचे कष्ट घेऊ नयेत.’

हे कष्ट घेणारे दोघंच. एक सासरे आणि दुसरे शेजारचे मास्तर, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दुपारी मास्तर लेथवर, चार वाजता दोघांचा चहा, मग दोघं मिळून जगातल्या बाकीच्या लोकांना नावं ठेवत. वर्षानुवर्षं हाच क्रम.

आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी रजा काढून सासुरवाडीला राहिलो होतो. सासरे नातीसाठी पाळणा करत होते आणि बाराव्या दिवशी त्याच पाळण्यात बारसं करायचं ठरलं होतं. अकरा गज कातून झाले होते, पाच राहिले होते. मला वाटलं, त्यातला एक तरी बापाच्या हातचा असावा. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले पाहून मी शेडमध्ये शिरलो. दांडा चकात घातला, चावीने आवळला, दोन पावलं मागे येऊन आपलं काम कौतुकाने पाहिलं आणि बटण दाबलं.

चावी चकातच होती. ती माझ्या कानाजवळून गेली, पत्र्यावर आदळली आणि जमिनीवर पडली तेव्हा तिची मूठ काटकोनात वाकलेली होती. मी लेथ बंद केला. आवाजाने कोणी उठलं नाही. दुपारची झोप त्या घरात मनापासून घेत. चावी खिशात घालून मी सायकल काढली. गावात कुणाकडून सरळ करून आणू, असा विचार होता. पण कालव्याच्या पुलावर पोचेपर्यंत मला वाटायला लागलं, की सरळ केलेली चावी सासरे एका नजरेत ओळखतील. मुळात नसलेली चावी कशी ओळखणार? खडकवासल्याचं पाणी तेव्हा भरून वाहत होतं. बाकी मी वर सांगितलंच आहे.

घरी आल्यावर आठवलं, की दांडा चकातच आवळलेला राहिला आहे. आता तो चावीशिवाय निघणार नव्हता.

चार वाजता मास्तर चहाला आले. मुलीला खांद्यावर घेऊन मी शेडच्या दारात उभा होतो.

“मास्तर, दुपारी लेथवर होतात?” सासऱ्यांनी आतून विचारलं.

“होतो की, दीडपर्यंत.”

“चावी?”

“खुंटीवर ठेवली.”

“खुंटीवर नाही.”

मास्तर खुंटीकडे बघत राहिले. मग त्यांचं लक्ष चकाकडे गेलं. “हा दांडा मी नाही लावला,” ते म्हणाले. मग दांड्याला हात लावून म्हणाले, “लावला का?”

तिथे बोलायला हवं होतं. पण सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, “जावईबापू, आमच्या घरच्या गोंधळाचा तुम्हाला उगाच त्रास. आत बसा, पंखा लावा.” जावयाला ‘चावी तुम्ही घेतलीत का’ असं विचारणं त्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मी आत बसलो. पंखा लावला.

सासऱ्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं, “चावी मिळाली की या.” चहा बंद झाला. मास्तरांनी आपलं घर उलटंपालटं केलं. धान्याचे डबे ओतून पाहिले. कुंपणापलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज येई, “अहो, ती डाळ आहे. तिच्यात चावी कशाला जाईल?” आणि मास्तर म्हणत, “मला आठवत नाहीये ना, म्हणून सगळीकडे बघतोय.”

मी ठरवलं, काही झालं तरी दुसरी चावी मिळवायची. चावी आली की मास्तर परत येतील आणि प्रकरण मिटेल. सासऱ्यांना माझ्या तळमळीचं फार कौतुक वाटलं.

अडचण मापाची होती, आणि चाव्यांचं माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. चकाचं चौकोनी भोक वर्षानुवर्षं झिजलेलं. सासऱ्यांच्या जुन्या कारखान्यातून मागून आणलेली तीन सुताची चावी आत जाईना, अडीच सुताची आत जाऊन गोल फिरे. रविवारी जुन्या बाजारात न्यायला नेमकं माप हवं होतं. ती कल्पना माझी. मी म्हणालो, कणकेचा गोळा भोकात दाबू आणि ठसा काढू. ठसा उत्तम निघाला. पण सासूबाई म्हणाल्या, “ओला नेलात तर पिशवीत चेपेल. तळून देते.”

त्यांनी तो तळला. नातीच्या जन्माच्या आनंदात, सवयीने, कणकेत मोहनही घातलेलं होतं.

जुन्या बाजारातल्या माणसाने डबीतली ती वस्तू निरखून पाहिली. “काका, शंकरपाळं आहे हे.”

“शंकरपाळं नाही, माप आहे.”

“गोड आहे का?”

“मापापुरतं बोला,” सासरे म्हणाले.

त्याने कॅलिपर लावून साडेतीन सुताची चावी काढून दिली. घरी आणली तर ती भोकाच्या दारातही उभी राहीना. सासऱ्यांनी तळलेला ठसा भोकाशी धरून पाहिला. तो टम्म फुगला होता.

“मोहन जरा जास्त झालं असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“मापाला मोहन घालणारी बाई मी पहिल्यांदा पाहतोय,” सासरे म्हणाले.

बारसं शुक्रवारी होतं. पुढचा बाजार बुधवारी. या वेळी आम्ही चकच लेथवरून उतरवून न्यायचं ठरवलं. तो दांड्यासकट दुपट्यात गुंडाळला आणि बसमध्ये मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी वजनाचा अंदाज घेत विचारलं, “किती दिवसांचं?”

“चाळीस वर्षांचं,” सासरे म्हणाले. “विलायती आहे.”

बाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

बाजारात एका म्हाताऱ्या फिटरने दुपटं सोडलं, भोक पाहिलं आणि म्हणाला, “हे आधीच आणायचं ना. तीन सुताची घ्या, घासून देतो.” पाच मिनिटांत कानस मारून त्याने चावी बसवली. जबडा उघडला. दांडा बाहेर पडला.

सासऱ्यांनी तो उचलून पाहिला. “तिरका लावलाय. मास्तर असा कधीच लावणार नाहीत.”

आता त्यांना कळणार, असं वाटलं आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. पण ते हळूच म्हणाले, “म्हणजे मास्तर आता दांडा कसा लावायचा हेही विसरायला लागले. आपण उगाच रागावलो. वय झालं हो.”

फिटरसमोर कसं बोलायचं म्हणून मी बोललो नाही. बसमध्ये गर्दी होती म्हणून बोललो नाही.

पाळणा वेळेत झाला. बारशाला मास्तर आले. सासऱ्यांनी त्यांना आदराने शेडमध्ये नेऊन नवी चावी दाखवली. ती खुंटीला दोरीने बांधलेली होती.

“आता नाही हरवणार,” सासरे प्रेमाने म्हणाले.

“नाही हरवणार,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “दोरी उरली आहे का थोडी?”

त्यानंतर मास्तर सगळं बांधून ठेवू लागले. चष्मा गळ्यात, पेन खिशाला, छत्री मनगटाला. पुढेपुढे तर पाकीट लेंग्याच्या नाडीला बांधलेलं असे. दुकानात पैसे द्यायची वेळ आली, की लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत. सुट्टीत आम्ही गेलो की ते माझ्याशी हसून बोलत, “माझं डोकं गेलं, त्या चावीपासून.” मी म्हणत असे, “छे हो, तसं काही नाही.” याच्यापुढे माझी मजल गेली नाही.

मास्तर गेले, सासरे गेले. गेल्या महिन्यात मी बिबवेवाडीला गेलो आणि मास्तरांच्या मुलाला सगळं सांगितलं. तोही आता निवृत्त आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, आम्ही बाबांच्या मेंदूचा फोटो काढून आणला होता. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. आम्ही डॉक्टर बदलला.”

मी हात जोडले.

“ते राहू द्या,” तो म्हणाला. “लिहून द्या. बाबांच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी आमची नातवंडंसुद्धा सांगतात. सुरुवात चावीपासूनच होते.”

मास्तरांच्या पत्नी नव्वदीच्या आहेत. त्या कोपऱ्यात जप करत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. त्यांनी माळ थांबवली.

“चावी यांनी टाकली असेल,” त्या म्हणाल्या. “पण दूध आणायला गेले की पिशवी घेऊन आणि दूध विसरून कोण यायचं?”

दुधाबद्दल मी काही सांगू शकत नाही. त्या वेळी मी तिथे नव्हतो. चावीपुरतं लिहून देतो, की त्या दुपारी मास्तरांनी ती खुंटीवरच ठेवली होती. दीड वाजता त्यांना जे आठवत होतं, ते अगदी बरोबर होतं.