मावसाजींचा पहिला घास

अन्याय झाला तो माझ्या मावसाजींवर, दोन हजार सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भोंग्याला, सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये! आणि माणसांकडून काम करून घेणारा असा सुपरवायझर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे छापायला तयार आहे. छापलंही होतं. ते पुढे येईलच.

मावसाजींनी उभ्या आयुष्यात कुणाला हुकूम सोडला नाही. राग आला की ते माणसाऐवजी रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर ओरडत. "काऊन बे, भोंगा होऊन गेला अन् तू आत्ता येऊन राह्यला?" रेचा बिचारा सकाळपासून जागेवरच, उशिरा आलेला गडी मात्र मान खाली घालून कामाला लागे. शाबासकीसुद्धा रेच्यालाच, तीही हात भाजेपर्यंत थोपटून! पण त्यांची खरी खोड दुपारची. सगळे कडुनिंबाखाली गोल करून बसले की हे आपला डबा मधोमध ठेवत आणि प्रत्येकाच्या डब्यातला एक घास उचलत. न विचारता! मावशी संतापायची, "घरी तुम्हाले जेवाले भेटत नाई का?" पण तीच त्यांची हजेरी होती. एकदा वच्छलाबाईच्या वरणात मीठच नव्हतं. मावसाजींनी घास गिळला. जेवण झाल्यावर म्हणाले, "वच्छला, आज रेच्यावर नको उभी राहू. सावलीत बसून डागी कापूस निवडजो." तिची लेक तापानं फणफणून वर्ध्याच्या दवाखान्यात होती, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. रेच्यात हात जायला क्षणभर चुकलेलं लक्ष पुरतं.

अशा माणसाला नव्यानं आलेल्या मॅनेजरनं कागद चिकटवून कळवलं: सुपरवायझरांनी कामगारांत बसून जेवू नये, शिस्त बिघडते! काचेची केबिन दिली, फिरती खुर्ची दिली. शिवाय भिंतीवर 'आठवड्याचा उत्तम कामगार' अशी पाटी. पहिल्यांदा जिचा फोटो लागला ती बाई लाजेनं कामावरच येईना. मावसाजी केबिनमध्ये एकटे जेवत आणि अर्धा डबा तसाच घरी नेत.

माझं रक्त उसळलं. मी पत्रक काढलं: 'घास हिरावणाऱ्यांनो, जवाब द्या!' मावसाजींनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्यावर ठेचा वाढून घेतला. "कागद चांगला हाय, बाबू. तेल नाई गळत."

दुसऱ्या दिवशी डोकं चालवलं ते वच्छलाबाईनं. पंगत डब्यांसकट कडुनिंबाखालून उठली आणि थेट केबिनच्या दारात येऊन बसली! मावसाजी उंबऱ्याच्या आत, खुर्चीत. बाकी सारे बाहेर, जमिनीवर. मॅनेजर धावत आला. "हे काय चाललंय?"

"नियम पाळून राह्यलो, साहेब," मावसाजी म्हणाले. "मी आतच हावो. तुमचा डबा कुठी हाय?"

"आना जी साहेब, लाजता काऊन?" वच्छलाबाईनं टोमणा मारला आणि बाया खिदळल्या.

साहेबानं खाणावळीचा डबा आणून उघडला. मावसाजींनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि जाहीर केलं, "आज साहेबावर कोणी चिडू नका रे. घर लय दूर हाय याचं." साहेब उंबऱ्यावरच बसला.

पाटी उतरली. नियमाचा कागद मात्र काढायचा राहून गेला. पुढे मावसाजी रिटायर झाले, तो साहेबही बदलून गेला. नवा सुपरवायझर तो कागद वाचतो आणि केबिनचं दार लावून जेवतो. परवा वच्छलाबाई भेटली. म्हणाली, "आता मीठ विसरलं तरी कोणाले समजत नाई, बाबू."

म्हणून हे तुम्हालाच सांगतो. हाताखाली चार माणसं असतील तर उद्या दुपारी केबिन सोडा, त्यांच्यात मांडी घालून बसा आणि पहिला घास त्यांच्या डब्यातला मागा. अळणी लागला, तर त्या दिवशी त्या माणसावर ओरडू नका. ओरडायचंच असेल, तर यंत्र आहेच.