डब्यातलं लोह

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नाक मुरडतात. मी लोकांचं जेवण जाळते. यशवंतपूरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत आमची प्रयोगशाळा आहे आणि तिथं गेली काही वर्षं आतड्याच्या सुजेच्या रुग्णांवर अभ्यास चाललाय. या आजारात आतड्याला आतून व्रण पडतात, रक्त जातं, माणूस वाळत जातो. त्यांच्या अन्नातून लोह, जस्त, पोटॅशियम असली खनिजं किती पोटात जातात आणि त्यातली किती अंगी लागतात, हे आम्ही शोधतो.

पद्धत साधी आहे. रुग्णाला आम्ही दर फेरीला तीन दिवसांचे रिकामे डबे देतो, नाश्त्याचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. स्वतः जेवढं खाल तेवढंच डब्यात घाला. ताटात दोन घास टाकलेत तर डब्यातूनही दोन घास काढा. डबे आले की मी वजन करते, सगळं मिक्सरमधून काढते, वाळवते आणि भट्टीत घालून त्याची पांढरी राख करते. मिक्सरचं पातंसुद्धा साधं स्टीलचं चालत नाही, त्यातलं लोखंड अन्नात उतरतं. सांबार, भात, लाडू, लोणचं सगळं एकाच भांड्यात गरगर फिरताना बघून सुरुवातीला मी तोंड फिरवायचे. आता काही वाटत नाही. पण एवढ्याशा राखेत माणूस काय जेवला ते सापडतं, याचं नवल मला अजून वाटतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, याच अभ्यासात होती. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या राहिलंय की मूळ गाव कुठलं यावरून अजून लग्नाकार्यात भांडणं होतात, आणि आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे. अक्का के. आर. पुरमला राहते आणि चिकपेटच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिला हा आजार निघाला. नियमानं डब्यावर नुसता नंबर असतो, कुणाचा ते मला कळायला नको. पण अक्काच्या हातची वांग्याची भाजी झाकण उघडल्या उघडल्या ओळखली नाही तर मी बहीण कसली! ओळखली आणि मूग गिळून गप्प बसले.

कोडं तिथूनच सुरू झालं. औषधांनी अक्काची सूज उतरली होती. रक्त जाणं थांबलं होतं. तरी हिमोग्लोबिन वर येईना आणि ब्लाउज महिन्या-महिन्याला ढिले होत चालले. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "अन्नातून लोह भरपूर जातंय, प्रयोगशाळेचे आकडे आहेत. मग अंगी का लागत नाही? आतड्यात आणखी कुठंतरी बिघाड असणार. महिनाभर बघू, नाहीतर मोठं औषध सुरू करू." मोठं औषध म्हणजे शिरेतून द्यायचं, अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं. ते ऐकून अक्का हादरली. संध्याकाळी तिचा फोन आला. "तू त्यातली आहेस. तूच सांग, घेऊ की नको?"

"उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला. प्रयोगशाळेचे आकडे म्हणजे माझेच आकडे होते ना!

मग माझं डोकं भुंग्यासारखं त्यालाच कुरतडत बसलं. चहा जेवणासोबत पिते का? नाही, केव्हाच सोडलाय. नाचणी फार खाते का? त्यातली काही द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. तेही नाही. आतड्याला सूज असली की शरीर स्वतःच लोहाची दारं लावून घेतं हे मला माहीत होतं, पण सूज तर उतरलेली. मी अक्काला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "अग, मी माणूस आहे, तुझी परीक्षानळी नव्हे."

उत्तर शेवटी लोहात नव्हतंच, पोटॅशियममध्ये होतं. रुग्णांकडून आम्ही चोवीस तासांची लघवीही मोठ्या बाटलीत घेतो. (अक्का ती बाटली चिकपेटच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीतून आणायची, वर जरीच्या साडीचं चित्र.) खाल्लेलं बहुतेक पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडतं. डब्यांत पोटभर जेवणाऱ्या बाईचं पोटॅशियम होतं आणि बाटलीत एकादशी करणाऱ्या बाईचं.

मला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. माझ्या सहकारी बाईंवर मी भडकले. "डोळे कुठं ठेवले होते?" म्हणाले. त्या बिचाऱ्यांनी माझ्यासमोर तीनदा तपासणी केली, तिन्ही वेळा तेच. लघवी अर्धवट जमवली असेल म्हणावं तर तेही नव्हतं, दुसऱ्या एका तपासणीतून ते कळतं. मी त्यांची माफी मागितली आणि खुर्चीत बसून राहिले. पोटात गेलेलं कुठंतरी दिसायला हवं. दिसत नाही, तर मग ते पोटात गेलंच नाही. याच्या पुढचा विचार मनातल्या मनातसुद्धा करायची मला भीती वाटली.

पुढच्या फेरीच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच अक्काकडे जाऊन थडकले. "डबा न्यायला आले," म्हटलं. अक्का ओट्याशी उभी होती. उप्पीट झालेलं. तिनं आमच्या डब्यात मोठा डाव भरून घातलं, वर कोथिंबीर भुरभुरली, लिंबाची फोड ठेवली, झाकण लावलं. मग घोटभर कोमट पाणी प्याली आणि पर्स उचलली.

"तुझी बशी कुठाय?" मी विचारलं.

"झालं माझं खाऊन."

"कधी? मी आल्यापासून तू ओट्यापासून हलली नाहीस."

"स्वल्प आधी खाल्लं."

"अक्का, कढईत डाव घातल्याचा एकच खड्डा आहे. आणि तो माझ्या डोळ्यांदेखत पडलाय."

ती खाली बसली. पर्स मांडीवर घेऊन हळू आवाजात बोलायला लागली. सकाळी खाल्लं की मेट्रोत कळ येईल अशी धास्ती वाटायची. मॅजेस्टिकला गाडी बदलायची, ती तोबा गर्दी. आजाराच्या सुरुवातीला तिथं एकदा कपडे खराब झाले होते. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. शाळेतही वर्ग सोडून जाता येत नाही. म्हणून ती सकाळी खायची नाही, दुपारी खायची नाही. संध्याकाळी घरी येऊन काय ते चार घास. आजार उतरला तरी ही सवय उतरली नव्हती.

"मग हा डबा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमच्या लोकांनी डबा दिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करतात का कुणी?"

आमच्या घरी शेजारची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. रिकामं भांडं परत करणं म्हणजे आमच्यात अशुभ, आणि त्याहून जास्त म्हणजे लाजिरवाणं. पण तेव्हा मला हे काही आठवलं नाही. माझं टाळकंच सरकलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का ग? गणित शिकवतेस ना मुलांना? डॉक्टर तुझ्या शिरेत औषध सोडायला निघालेत, कशावरून? या उप्पिटावरून!"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! उपाशी मरशील आणि माझ्या वहीत लिहिलेलं असेल की बाई पोटभर जेवत होती!"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तो डबा तू उघडणार, हे मला माहीत होतं. तुझ्या हातात रिकामा डबा कसा देऊ मी?"

मग मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. राग तिचा नव्हताच. दोन वर्षं तिचं अन्न मी जाळत होते, मोजत होते, आणि "अक्का, आज जेवलीस का" एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, डबे ओळखल्याचंसुद्धा. माझी कानउघाडणी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. अक्काचे आकडे बाद झाले, पुढचे डबे अभ्यासात न धरता नुसते तिच्या उपचारासाठी घ्यायचे ठरले. मोठं औषध मागे पडलं. आधी शिरेतून लोह द्यायचं, सकाळी थोडं थोडं खाऊन घराबाहेर पडायचं, मग बघायचं असं ठरलं. मी महिनाभर तिच्यासोबत चिकपेटपर्यंत मेट्रोनं गेले. वाटेत कुठल्या स्टेशनात स्वच्छतागृह कुठं आहे ते आम्ही दोघींनी पाठ केलं.

मला मात्र दुसरंच कुतूहल स्वस्थ बसू देईना. डॉक्टरांना विचारून मी अभ्यासातल्या बाकीच्या बायकांना फोन लावले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. कन्नड बोलणाऱ्या दोघी आणि तामिळ एक, तिघी खजील होऊन हसल्या. कुणी न खाल्लेल्या दिवशी पुलाव भरला होता, कुणी सणाचं गोड. आता आमच्या सूचनांच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: काही खाल्लं नसेल तर डबा रिकामाच द्या, आम्हाला वाईट वाटणार नाही.

त्यानंतरच्या फेरीत अक्काच्या पहिल्या दिवशीचा नाश्त्याचा डबा हाताला हलका लागला. झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर साखर. मी तिथूनच फोन लावला.

"अक्का, आज खाल्लं नाहीस?"

"नाही जमलं ग आज. भीती वाटली."

"मग ही साखर?"

"ऐक तरी. आधी तेवढीच साखर मी तोंडात टाकली, मग डब्यात घातली. तुमचा नियम मोडलेला नाही."

"सरी, ठीक आहे," म्हटलं. ती साखर तोलून तिचं वजन लिहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यात दीड इडली होती. वर कोथिंबीर नाही, लिंबू नाही. अर्धी इडली हातानं मोडलेली होती, कारण तिनं स्वतःही दीडच खाल्ली होती.