ताज्या रंगावर उलटी छापलेली बातमी

बाबांची जुनी मोटार कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढून लोखंडी स्टँडवर टेकवलेली होती. पळस्प्याजवळच्या शेडमध्ये रंगवून टेम्पोतून आणलेली. रंग मूळचाच, गडद हिरवा. मागची चाकं बसवून झाली होती. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आर्म, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर शेजारी सतरंजीवर मांडून ठेवले होते.

सेक्रेटरींनी बाबांना जिन्यातच गाठलं.

"काका, रविवारी मीटिंग आहे. तोवर गाडी चार चाकांवर उभी नसेल तर भंगारात धरणार. जागा दुसऱ्याला."

"जागा माझी आहे."

"गाडीसाठी आहे, काका. गाडी कुठंय?"

बाबा कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. जागा सोडायची नाही, एवढंच ते त्या रात्री जेवताना बोलले.

रंगाऱ्याने बजावलं होतं की रंग वरून सुकला तरी आतून मऊ आहे, महिनाभर त्याला त्रास देऊ नका. आमच्या हातात शनिवार होता.

कामाची पद्धत बाबांनी ठरवली. अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा, माझ्या बांगड्या, सगळं वर घरात ठेवून यायचं. पान्यांच्या दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब चढवायची. बोल्टच्या भोकांभोवती टेप लावायची. बोल्टचं डोकं फिरलं की खालचा रंग गोल चिरत जातो, म्हणून डोकं धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नट. मडगार्ड झाकण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. आमच्या घरात काहीही झाकायचं म्हटलं की हात रद्दीकडे जातो, मग ती डब्यांची फळी असो की कपाटाचा तळ. मी दोन्ही मडगार्डांवर पेपर अंथरले आणि वर गोधड्या टाकल्या.

पार्किंगच्या त्या कोपऱ्यात दुपारचं ऊन थेट येतं. डाव्या बाजूची स्प्रिंग जागेवर बसेना, तेव्हा बाबा गोधडीवर छाती टेकून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. स्प्रिंग बसली. मी गोधडी उचलली, पेपर सोलून काढला.

मडगार्डवर पाणीकपातीची बातमी छापली गेली होती. मथळ्यासकट, उलट्या अक्षरांत.

"तुमचाच पेपर ना?" बाबांनी विचारलं.

"हो. मथळाही माझाच."

"ठळक आलाय."

ओल्या फडक्याने पुसलं. शाई राहिली, चकाकी तेवढी गेली. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "घासून परत मारावा लागेल, ताई. गाडी पाठवून द्या."

गाडी पाठवली असती तर रविवारी जागा रिकामी दिसली असती. तरी मी टेम्पोवाल्याचा नंबर काढला.

"ठेव तो फोन," बाबा म्हणाले. "गाडी कुठेही जाणार नाही."

"डाग राहील."

"राहू दे. रंग परत मारता येतो. जागा एकदा गेली की कोण देतंय?"

उजव्या मडगार्डवरचे पेपर मी लगेच काढले. त्यावर अजून कोणी रेललं नव्हतं, रंग स्वच्छ होता. तिथे आईची धुऊन विरलेली सुती साडी चौपदरी घातली. त्या बाजूला ओरखडाही आला नाही. अंधार पडायच्या आत आर्म बसले, नट हातानेच लावून ठेवले आणि चाकं चढवली.

रविवारी सकाळी गाडी स्टँडवरून खाली घेतली. मागच्या चाकांना विटा लावल्या आणि बाबा पाना घेऊन गाडीखाली शिरले. तेवढ्यात मीटिंगच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायला सुरुवात झाली. काही थेट आमच्या जागेभोवती रंगवलेल्या पट्ट्याच्या आत आल्या. पहिलीवर सेक्रेटरी बसले.

"अहो काका, गाडीवर हे काय छापलंय?"

"पेपर आहे," गाडीखालून आवाज आला. "तुमच्याकडे येत नाही का?"

मागे कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत.

"पण काम अजून चालूच आहे ना? मग गाडी तयार कशी म्हणायची?"

"तयार कुठे म्हणतोय? उभी आहे म्हणतोय. आर्मला रबरी बुश असतात. गाडीचं वजन चाकांवर आल्याशिवाय त्यांचे नट आवळता येत नाहीत. आधी आवळले तर रबर पिळून फाटतं. मी आत्ता तेच आवळतोय. गाडी उभी नसती तर हे काम निघालंच नसतं."

सेक्रेटरींनी चारही चाकांकडे पाहिलं. चारही जमिनीवर होती.

"ठीक आहे, काका. चालू द्या तुमचं."

"चालू द्यायचं तर खुर्च्या मागे घ्या. माझा हात फिरत नाही. आणि जागा माझी आहे."

मग सेक्रेटरी उठले आणि स्वतःची खुर्ची उचलून पट्ट्याबाहेर घेऊन गेले. पाठोपाठ बाकीच्या खुर्च्या फरशीवरून खरडत मागे गेल्या. बाबांनी गाडीखालून हात बाहेर काढला. मी त्यांना मोठा पाना दिला.